मुंबई-लंडन : ७,२०० भागिले ९००

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी गणित-विज्ञान शिक्षकांच्या शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. दुपारच्या चहाच्या वेळी एका शिक्षकांनी पिशवीतून एक उत्तरपत्रिका काढून आमच्यापुढे ठेवली. नववीतल्या एका मुलीची ती उत्तरपत्रिका होती. कुठल्याशा स्पर्धा परीक्षेची सराव चाचणी होती. प्रश्न असा :

'मुंबई ते लंडन हे हवाई अंतर ७,२०० कि.मी. आहे. ताशी ९०० कि.मी. वेगाने जाणारे विमान मुंबईहून सकाळी ७ वाजता निघाले, तर ते लंडनला किती वाजता पोहोचेल?'

मुलीने भागाकार करून आठ तास काढले होते आणि उत्तर लिहिले होते, 'सकाळी ९.३० (थंडीच्या दिवसांत)'. त्यावर लाल शाईची फुली होती. प्रश्नसंचाच्या शेवटी छापलेल्या उत्तरसूचीत उत्तर होते 'दुपारी ३ वाजता'. दोनपैकी शून्य गुण.

मुलगी सरांकडे भांडायला आली. तिचा मामा लंडनला असतो. त्याला फोन लावण्यापूर्वी तिची आई घड्याळातून साडेपाच तास वजा करते, उन्हाळ्यात साडेचार. "मग सर, विमान उतरल्यावर मामाच्या घड्याळात तीन कसे वाजलेले असतील?" सर आम्हाला म्हणाले, "मी सूचीप्रमाणे तपासले हो, पण तिला उत्तर देता आले नाही. गुण द्यावेत का?"

द्यावेत, असे आम्ही तिथल्या तिथे म्हणालो. पण प्रकरण एवढ्यावर मिटण्यासारखे वाटेना. म्हणून तो प्रश्नसंच आम्ही वाचायला मागून घेतला. त्याच सरांकडे सामान्यज्ञानाची एक पुस्तिकाही होती. तिच्यात जगातील शहरांमधली अंतरे आणि विमानप्रवासाला लागणारा वेळ यांचा दोन पानी तक्ता होता. तीही घेतली. या लेखात त्या दोन्हींचे परीक्षण आहे. नावे देत नाही, कारण अशा पुस्तिका डझनावारी निघतात आणि दोष एकाच प्रकाशकाचा नाही.

आधी मुलीचा मुद्दा. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पृथ्वी तासाला १५° फिरते, म्हणून ८२.५ भागिले १५ म्हणजे साडेपाच तास आपण ग्रीनिचच्या पुढे. हे भूगोलाच्या तासाला शिकवले जाते, त्यावर गुणही मिळतात. तीच गोष्ट गणिताच्या उत्तरपत्रिकेत लिहिली तर मात्र फुली. 'लंडनला किती वाजता पोहोचेल' या शब्दांचा सरळ अर्थ लंडनच्या घड्याळात किती वाजले असतील असाच होतो. सूचीतले 'दुपारी ३' हे उत्तर बरोबर ठरेल ते फक्त मनगटावरचे घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवून बसलेल्या प्रवाशासाठी. शिवाय मुलीने कंसात 'थंडीच्या दिवसांत' असे लिहिले आहे. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात. ही अट प्रश्न काढणाऱ्याला सुचली नव्हती, तिला सुचली. गणितात अट लिहिण्याला आपण फार महत्त्व देतो. येथे ती लिहिणाऱ्याला शून्य मिळाले.

आता ७,२०० या आकड्याकडे वळू. तो चूक नाही. पण कुठून आला हे पुस्तिका सांगत नाही, आणि नेमकी तिथेच शिकवण्याची खरी संधी आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावर मोजले जाते. ज्याचे केंद्र तेच पृथ्वीचे केंद्र, असे ते वर्तुळ. अकरावी-बारावीच्या मुलांना हे गणित करता येते. मुंबईचा विमानतळ १९.१° उत्तर, ७२.९° पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.५° उत्तर, ०.५° पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.४°. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२५६ येतो. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशफरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार ०.१६८. बेरीज ०.४२४. हा ज्या कोनाचा कोसाइन, तो कोन ६४.९°. एका अंशाला १११.२ कि.मी. धरले की ७,२०० च्या किंचित वर उत्तर येते. ज्यांना त्रिकोणमिती येत नाही त्यांनी पृथ्वीगोल आणि दोरा घ्यावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा १७ सेंटिमीटर भरतो.

दोरा ताणून धरला की पहिले आश्चर्य दिसते. तो भिंतीवरच्या नकाशात दिसतो तसा जात नाही. बहुतेक शाळांत टांगलेला जगाचा नकाशा मर्केटर पद्धतीचा किंवा तिच्या जवळचा असतो. मर्केटर नकाशावर मुंबई-लंडन अशी पट्टीने रेघ मारली तर ती अरबी समुद्र, इराणचा दक्षिण भाग, इराक, तुर्कस्तान अशी जाते. गोलावरचा दोरा मात्र बलुचिस्तान, पूर्व इराण, कास्पियन समुद्राचे दक्षिण टोक, अझरबैजान, काळ्या समुद्राचा ईशान्य कोपरा, युक्रेन, पोलंड असा वर चढत जातो. आम्ही दोन्ही वाटांची लांबी काढली. पट्टीची वाट सुमारे ७,४०० कि.मी. भरते, म्हणजे जेमतेम २०० कि.मी. जास्त. पण मध्यावर, ३६° पूर्व रेखावृत्तापाशी, एक वाट ३७° उत्तरेला तर दुसरी ४५° उत्तरेला असते. आठ अंशांचा, म्हणजे जवळजवळ ९०० कि.मी.चा फरक! लांबीत इतका थोडा फरक असून वाटा एवढ्या दूर असू शकतात, हे वर्गात दोन दोरे ताणून दाखवण्याजोगे आहे. पुस्तिकेत मात्र तक्त्याच्या शेजारी सपाट नकाशा आणि त्यावर सरळ रेघा छापल्या आहेत. अंतर गोलावरचे आणि रेघ नकाशावरची. दोन्ही एकाच पानावर.

प्रत्यक्षात विमान यांपैकी कोणत्याच वाटेने तंतोतंत जात नाही. वाटेत देश आहेत आणि देशांचे भांडण आकाशातही असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलैमध्ये उघडली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ती पुन्हा बंद झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले. आपला दोरा या दोन्ही देशांवरून जातो हे वर पाहिलेच. म्हणजे मुंबई आणि लंडन जागच्या जागी असताना त्यांच्यामधले उडण्याचे अंतर बातम्यांप्रमाणे बदलत असते.

काही चुणचुणीत मुले विचारतात, विमान ११ कि.मी. उंचीवरून जाते, मग वर्तुळ मोठे होऊन अंतर वाढत नाही का? वाढते, पण पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ कि.मी. असल्याने वाढ हजारात पावणेदोनच. ७,२०० कि.मी.ला १२ कि.मी. इतकी वाढ सोडून द्यावी. काय सोडून द्यायचे हे असे आकडा काढून ठरवता येते.

हे त्या पुस्तिकेला कळलेले नाही. तिच्या तक्त्यात मुंबई-लंडनपुढे वेळ छापली आहे '८ तास ५७ मिनिटे'. सत्तावन्न! आम्ही सहज म्हणून सगळ्या ओळींत अंतराला वेळेने भागून पाहिले, तर प्रत्येक ओळीत उत्तर ताशी ८०५ कि.मी. आले. हा विचित्र आकडा कुठला? ८०५ कि.मी. म्हणजे ५०० मैल. कोणीतरी कुठेतरी मैलांत एक गोल आकडा धरला, पुढच्याने त्याचे किलोमीटर केले आणि त्यातून मिनिटापर्यंत काटेकोर दिसणारा तक्ता तयार झाला. मुंबई दहिसरपासून कुलाब्यापर्यंत सरळ रेषेतही ३५-४० कि.मी. लांब आहे. हीथ्रो लंडनच्या मध्यापासून वीसेक कि.मी. पश्चिमेला आहे. जिथे सुरुवातीचे आणि शेवटचे ठिकाणच इतके सैल, तिथे मिनिटे कशाच्या जोरावर छापायची?

आणि ९०० काय किंवा ८०५ काय, हा वेग कशाच्या सापेक्ष? प्रश्नाचे मर्म येथे आहे. विमानाचा ताशी ९०० हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. हवा स्वतः जमिनीच्या सापेक्ष वाहत असते. मध्य अक्षांशांत ९ ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहतात. ते जेट प्रवाह. हिवाळ्यात त्यांतला एक उत्तर भारतावरूनही जातो. त्यांचा शोध मोठा गमतीचा आहे. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी टाटेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले. जगाला कळावे म्हणून त्यांनी अहवाल एस्परांतो भाषेत छापला. ती वाचणारे जगात फारसे कोणी नव्हते, त्यामुळे तो कोणाच्या लक्षातच आला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या अखेरीस, जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हे वारे लागले तेव्हा वैमानिक चक्रावून गेले.

शिबिरात आम्ही विचारले, मुंबईहून लंडनला जाताना वेळ जास्त लागेल की येताना? एका शिक्षकांनी लगेच उत्तर दिले, "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे फरक पडतो." हे उत्तर अनेक ठिकाणी ऐकू येते. त्या प्रश्नसंचाच्या 'का ते सांगा' विभागातही ते आहे. ते नुसते चूक नसून उलट्या बाजूला चूक आहे. पृथ्वी विमानाखालून पूर्वेकडे सरकत असती, तर पश्चिमेला असलेले लंडन आपण होऊन विमानाकडे आले असते आणि जातानाचा प्रवास लवकर झाला असता. वेळापत्रक नेमके उलट सांगते : जाताना नऊ तासांच्या वर लागतात आणि येताना साधारण पाऊण-एक तास कमी. शिवाय मुंबईच्या अक्षांशावर जमिनीचा फिरण्याचा वेग ताशी सुमारे १,५८० कि.मी. आहे. हवा जमिनीबरोबर फिरत नसती, तर सांताक्रूझवर तासभर एका जागी तरंगणारे हेलिकॉप्टर खाली उतरताना ओमानच्या किनाऱ्याला लागले असते! हवा पृथ्वीबरोबर फिरते आणि तिच्यासह विमानही. उरतो तो वारा. त्या वाऱ्याची दिशा ठरवण्यात पृथ्वीच्या परिवलनाचा हात आहे हे खरे, पण तो दूरचा संबंध झाला. उत्तर देताना मधली पायरी गाळून चालणार नाही.

वाऱ्याचे गणित आठवीतली मुलेही करू शकतात, आणि त्यात एक फसगत दडलेली आहे. समजा, समोरून ताशी १०० कि.मी. वारा आहे. जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग ८००, म्हणून ७,२०० ला ९ तास. येताना वेग १,०००, म्हणून ७ तास १२ मिनिटे. एकूण १६ तास १२ मिनिटे. वारा नसता तर १६ तास. जाताना तोटा, येताना फायदा, म्हणून हिशेब बरोबरीत सुटेल असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. शिबिरातल्या चाळीस शिक्षकांपैकी तीस-बत्तीस जणांनी तेच म्हटले. पण प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, म्हणून तोटा मोठा. सरासरी वेग ९०० नसून ८८९ येतो. सायकलने चढावर हळू आणि उतारावर जोरात जाणाऱ्या मुलाची सरासरी काढताना जी चूक होते, तीच ही. 'मुंबई-लंडन' आणि 'लंडन-मुंबई' यांना एकाच ओळीत बसवणारा तक्ता हे सारे पुसून टाकतो.

वाऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. गोलावर दोरा धरला तर अंतर सुमारे १२,४०० कि.मी. आणि वाट सैबेरियावरून थेट ७५° उत्तर अक्षांशाच्या पलीकडे चढते. पुस्तिकेच्या ८०५ च्या हिशेबाने सुमारे १५ तास २४ मिनिटे. एअर इंडियाचे विमान पूर्वी दिल्लीहून पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे. त्या वाटेने सुमारे १३,९०० कि.मी. आणि साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून गेले. अंतर झाले सुमारे १५,३०० कि.मी. आणि वेळ लागला साडेचौदा तास. चौदाशे कि.मी. जास्त आणि दोन तास कमी! दोन्ही वाटांचे सरासरी वेग काढा : पहिल्या वाटेने ताशी ८४२, दुसऱ्या वाटेने १,०५५. विमान त्याच जातीचे, इंजिने तीच. एका वाटेने वारा तोंडावर, दुसऱ्या वाटेने पाठीवर. गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेशी तुलना केली तर हे विमान सुमारे २,९०० कि.मी. जास्त उडाले आणि तरीही पुस्तिकेने छापली असती त्या वेळेपेक्षा पाऊण तासाहून अधिक लवकर पोहोचले. अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त, हे वाक्य वर्गात उच्चारताना हे उदाहरण आठवावे.

याच वर्गातले दुसरे उदाहरण : फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. अंतर सुमारे ५,५४० कि.मी., म्हणजे सरासरी ताशी ११०० च्या वर. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० असतो. मग विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला काय? मुले हे विचारतातच, आणि विचारावेच. हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने जात होते. ध्वनीही हवेतूनच जातो, आणि हवाच पुढे सरकत होती.

वारा माहीत असताना सर्वांत कमी वेळाची वाट कोणती, हा प्रश्न एर्न्स्ट झेर्मेलो या जर्मन गणितज्ञाने १९३१ मध्ये सोडवला. हे झेर्मेलो संचसिद्धान्तासाठी प्रसिद्ध आहेत. पुराच्या पाण्यात नाव घालणारा आपला नावाडी समोरच्या घाटाकडे नाव न रोखता प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोखतो, तो याच प्रश्नाचे एक छोटे रूप रोज सोडवीत असतो.

जवळच्या शहरांचा हिशेब आणखी निराळा. मुंबई-दिल्ली आकाशातून सुमारे १,१४० कि.मी. (रेल्वेने १,३८५ च्या आसपास). ताशी ८५० ने भागले तर १ तास २० मिनिटे. वेळापत्रकात दोन तासांहून अधिक. कारण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढणे, उतरणे, आणि जागा मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणे आले. मुंबईच्या सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तिथे ती रांग लांबते. लंडनच्या प्रवासात हा अर्धा-पाऊण तास लपून जातो, दिल्लीच्या प्रवासात तो उत्तराचा तिसरा हिस्सा होतो. या भागावर जास्त लिहीत नाही. वेळापत्रक मिळवून वर्गात दहा शहरांचा आलेख काढला तर मुलांना ते आपोआप दिसेल : आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर वेळ. रेघ शून्यातून जात नाही.

आता प्रश्न काढणाऱ्याच्या बाजूने. ७,२०० भागिले ९०० हे गणित टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते आठ तास सांगते, प्रत्यक्षात नऊ-साडेनऊ लागतात. एका ओळीच्या भागाकाराने इतक्या जवळ जाता येते ही मोठीच गोष्ट आहे. आम्ही प्रयोगशाळेत नव्या कामाची सुरुवात अशाच भागाकाराने करतो. आक्षेप दोन आहेत. गृहीतके प्रश्नात लिहिली नाहीत हा पहिला. 'वारा नाही असे समजा, वेग सर्व वेळ सारखा समजा', एवढ्या दहा-बारा शब्दांना कितीशी जागा लागते? दुसरा, आणि अधिक गंभीर, असा की गृहीतक न लिहिणाऱ्याला पूर्ण गुण आणि ते ओळखणाऱ्याला शून्य अशी व्यवस्था उत्तरसूचीने केली आहे. उद्या ही मुलगी परीक्षेत मामाचे घड्याळ विसरायला शिकेल. हुशार आहे, लवकर शिकेल.

प्रश्न असा मांडता आला असता : 'मुंबई-लंडन अंतर ७,२०० कि.मी. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० कि.मी. जाताना समोरून ताशी १०० कि.मी. वारा आहे असे समजा. विमान भारतीय वेळेनुसार सकाळी ७ ला उडाले, तर उतरताना लंडनच्या घड्याळात जानेवारीत किती वाजले असतील? प्रत्यक्षात वेळ आणखी का लागेल, एक कारण लिहा.' चार गुणांचा प्रश्न. संख्येचे उत्तर सकाळी साडेदहा.

हा मसुदा आम्ही त्या सरांना पाठवला. त्यांचे उत्तर आले ते असे : चाचणीचे गुण संस्थेकडे गेले, आता बदलत नाहीत. मुलीच्या उत्तरपत्रिकेवरची फुली मात्र त्यांनी खोडली आणि बाजूला सही केली. नवा प्रश्न वर्गात दिला तेव्हा शेवटच्या उपप्रश्नाला एकोणतीस मुलांकडून अकरा वेगवेगळी कारणे आली. त्यांतले एक आम्हाला सुचले नव्हते : 'विमान वाटेत इंधन जाळून हलके होते, म्हणून वेग सारखा राहणार नाही.' वेग त्याने फारसा बदलत नाही, उंची बदलते. हलके झालेले विमान टप्प्याटप्प्याने वर चढते. पण या कारणाला गुण द्यायचे की नाही, असे सरांनी पत्राच्या शेवटी विचारले आहे. आमच्या मते अर्धा द्यावा.